वर्दीतल्या माणसाचे गाऱ्हाणे

गावात मोर्चा निघतो तेव्हा रस्त्यावर माणसांच्या दोन रांगा असतात. एक रांग घोषणा देणाऱ्यांची. त्यांत कोणी पगारवाढ मागतो, कोणी बोनस, कोणी धान्य, कोणी पाणी. दुसरी रांग हातात लाठी घेऊन गप्प उभी असते. पहिल्या रांगेचे म्हणणे दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून येते. दुसऱ्या रांगेचेही काही म्हणणे असेल, ही कल्पनाच सहसा कोणाच्या मनात येत नाही. पगार त्यालाही पुरत नाही, लाइनीतले त्याचेही छप्पर पावसाळ्यात गळते, मुलीच्या लग्नाला रजा मिळेल की नाही याची धाकधूक त्यालाही असते. पण हे बोलायला त्याला जागा नाही. त्याचे काम इतरांच्या गाऱ्हाण्यांचा बंदोबस्त करण्याचे. त्याच्या गाऱ्हाण्याचा बंदोबस्त कोणी करायचा, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

गिरणीकामगारांची संघटना असते, शिक्षकांची असते, सिन्नरच्या विडीकामगारांची असते. त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. पोलिसांची संघटना असे शब्द उच्चारले की मात्र भलेभले दचकतात. रक्षकच संपावर गेले तर रक्षण कोणी करायचे, असा प्रश्न ताबडतोब येतो. प्रश्न रास्त आहे, आणि त्याला बगल देऊन पुढे जाण्याचा माझा विचार नाही. परंतु या प्रश्नात दोन निरनिराळ्या गोष्टींची गल्लत झालेली असते. संप ही एक गोष्ट आणि संघटना ही दुसरी. या दोहोंची सरमिसळ केल्यामुळे आपल्या देशात काय काय घडले, हे इतिहासाच्या आधारे पाहण्यासारखे आहे.

नाशिककरांना तर हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून आपल्या त्र्यंबक रस्त्यावर पोलिस अधिकाऱ्यांच्या शिक्षणाची संस्था आहे. महाराष्ट्रातल्या फौजदारांच्या कित्येक पिढ्यांनी कवायतीचा पहिला घाम याच गावात गाळला. दर बारा वर्षांनी सिंहस्थ भरतो तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेले शिपाई रामकुंडापासून त्र्यंबकेश्वरापर्यंत दिवसरात्र उभे असतात. आपण पर्वणीचे स्नान करून घरी परततो आणि ते तिथेच उभे राहतात. आणखीही एक धागा या विषयाला नाशिकशी जोडतो; तो ओघात पुढे येईल.

हा पोलिस शिपाई घडला कसा, ते आधी पाहू. १८५७ च्या उठावाने इंग्रज सरकारला चांगलीच धडकी भरवली होती. त्यानंतर चारच वर्षांनी, १८६१ साली, पोलिसांचा कायदा झाला. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर लंडनच्या रस्त्यावर नागरिकांशी हसून बोलणारा पोलिस नव्हता. आयर्लंडमध्ये परक्या राज्यकर्त्यांची सत्ता टिकवण्यासाठी उभारलेले दल होते. साहजिकच शिपायाकडून अपेक्षा एकच, ती हुकूम पाळण्याची. विचार करायला वर साहेब होता. १९०२-०३ साली सर अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली पोलिस आयोग बसला. त्यानेही पोलिस खात्याच्या कारभारावर कडक ताशेरे ओढले. पण शिपायाकडे यांत्रिक स्वरूपाचीच कामे असावीत, ही मूळ धारणा काही बदलली नाही.

१८६१ च्या कायद्यात एक कलम आहे. पोलिस हा नेहमीच कामावर आहे असे समजले जाईल, असा त्याचा आशय. आपल्याकडे १९५१ साली मुंबई पोलिस कायदा झाला, त्यातही हे तत्त्व कायम राहिले. वाचताना हे वाक्य साधे वाटते. चोर घड्याळ पाहून येत नाही, तेव्हा पोलिसानेही घड्याळ पाहू नये, एवढाच त्याचा अर्थ घेतला तर त्याला हरकत घेता येणार नाही. परंतु व्यवहारात त्याचा अर्थ असा झाला की शिपायाच्या दिवसाला शेवट उरला नाही. मुंबईच्या गिरणीकामगारांना नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे १८९० साली रविवारची सुटी मिळाली. १९४८ च्या कारखाने कायद्याने कामगाराचा आठवडा ४८ तासांचा ठरला. गिरणीच्या फाटकावर उभा असलेला शिपाई हे सारे पाहत होता; त्याच्या स्वतःच्या तासांची मोजदाद मात्र कोणी करीत नव्हते.

हे दुखणे केवळ आपलेच होते असे नाही. पोलिसांच्या संघटनेचा प्रश्न पहिल्या महायुद्धाच्या शेवटी खुद्द इंग्लंडात उभा राहिला. महागाईने पोलिसांचे कंबरडे मोडले होते. त्यांनी गुपचूप संघटना बांधली होती आणि वरिष्ठ ती मानायला तयार नव्हते. संघटनेचे काम करणाऱ्या एका शिपायाला बडतर्फ करण्यात आले, आणि ३० ऑगस्ट १९१८ रोजी लंडनच्या पोलिस दलाचा फार मोठा भाग संपावर गेला. युद्ध चालू असताना राजधानीतले पोलिस काम सोडतात म्हणजे काय! पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांनी स्वतः पुढाऱ्यांची भेट घेतली, पगार वाढवून दिले आणि संप मिटला. पोलिस आयुक्त सर एडवर्ड हेन्री यांनी राजीनामा दिला. हे हेन्री म्हणजे पूर्वी बंगालचे पोलिस महानिरीक्षक होते. बोटांच्या ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत त्यांच्या नावाने जगभर गेली. गुन्हेगाराच्या बोटाची एकेक रेघ वाचणाऱ्या या हुशार अधिकाऱ्याला आपल्याच शिपायांच्या चेहऱ्यावरचा असंतोष वाचता आला नाही.

पुढल्या वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने कायदा केला. पोलिसांना कामगार संघटनेत जाण्याची बंदी झाली. त्याला विरोध म्हणून १९१९ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा संप झाला. लिव्हरपूलला त्याचा भर अधिक होता. तिथे लुटालूट झाली, सैन्य आले. संपात गेलेल्या सर्वांना बडतर्फ केले आणि पुढे कोणालाही परत घेतले नाही. शिक्षा कठोर होती यात संशय नाही. पण त्याच कायद्याने आणखी एक गोष्ट केली, तिच्याकडे आपले लक्ष गेले पाहिजे. शिपायापासून इन्स्पेक्टरपर्यंतच्या सर्वांसाठी कायद्यानेच एक प्रातिनिधिक मंडळ स्थापन केले. त्याचे नाव पोलिस फेडरेशन. त्याला संपाचा अधिकार नव्हता. एखाद्याची बढती किंवा शिस्तभंगाची शिक्षा यांत त्याने पडू नये असेही बंधन होते. मात्र पगार, तास, घरे, कल्याण या बाबतींत पोलिसांच्या वतीने सरकारपुढे बोलण्याचा हक्क त्याला मिळाला. जोडीला लॉर्ड डेसबरो यांच्या समितीच्या शिफारशीनुसार पगारही भरघोस वाढले. सरकारने दार लावून घेतले, पण लावताना खिडकी उघडली.

त्याच १९१९ साली, ९ सप्टेंबरला, अमेरिकेतील बोस्टन शहरातही पोलिसांचा संप झाला. तिथल्या पोलिसांना मजूर महासंघाशी जोडून घ्यायचे होते आणि आयुक्तांनी ते नाकारले होते. दोन दिवस शहरात लूटमार झाली. राज्यपाल कॅल्विन कूलिज यांनी सैनिक आणले. संपवाल्यांची नोकरी कायमची गेली. कूलिज यांची कीर्ती मात्र इतकी वाढली की पुढे ते राष्ट्राध्यक्ष झाले. यातला खरा विपर्यास पुढेच आहे. बडतर्फ झालेल्यांच्या जागी जे नवे पोलिस भरती केले, त्यांना अधिक पगार, अधिक सुट्या आणि सरकारी खर्चाने गणवेश देण्यात आला. म्हणजे मागण्या रास्तच होत्या. मागणाऱ्यांना त्या मिळाल्या नाहीत, एवढेच.

आता आपल्या देशाकडे वळू. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६-४७ साली, बिहारमधले पोलिस संघटित झाले आणि त्यांनी आंदोलन केले. त्यांचे पुढारी रामानंद तिवारी हे स्वतः पोलिस शिपाई होते आणि १९४२ च्या चळवळीत उतरलेले होते. नियतीची गंमत पाहा, हेच तिवारी पुढे समाजवादी पक्षाचे नेते झाले आणि १९६७ साली बिहारच्या मंत्रिमंडळात पोलिस खात्याचे मंत्री म्हणून बसले. ज्याला खात्याने बंडखोर ठरवले, त्यालाच त्या खात्याने पुढे सलाम ठोकला!

आपली राज्यघटना झाली तेव्हा संघटना करण्याचा हक्क १९ व्या कलमाने सर्व नागरिकांना मिळाला. परंतु सैन्य आणि सार्वजनिक सुव्यवस्था राखणारी दले यांच्या बाबतीत मूलभूत हक्क किती मर्यादित करायचे हे संसदेने ठरवावे, अशी तरतूद ३३ व्या कलमात झाली. तिचा वापर करून १९६६ च्या डिसेंबरात संसदेचा कायदा अमलात आला. परवानगीवाचून पोलिसाने कामगार संघटनेचा वा राजकीय संस्थेचा सभासद होऊ नये, निदर्शनात भाग घेऊ नये, वर्तमानपत्राशी बोलू नये. हे मोडले तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्या वेळी केंद्रीय गृहमंत्री कोण होते? यशवंतराव चव्हाण. आणि लोकसभेत ते कोणाचे प्रतिनिधी होते? आपले, नाशिकचे. १९६३ साली नाशिकने त्यांना बिनविरोध निवडून दिल्लीला पाठवले होते. मघाशी म्हटले तो धागा हाच.

हा कायदा आला त्याच महिन्यात दिल्लीच्या बिनराजपत्रित पोलिस कर्मचाऱ्यांच्या संघाला सरकारने मान्यताही दिली होती. म्हणजे कायदा करतेवेळी खिडकी अगदीच बंद नव्हती. पण चारच महिन्यांत, एप्रिल १९६७ मध्ये, दिल्लीच्या पोलिसांचा असंतोष उफाळला. त्यांनी गृहमंत्र्यांच्या निवासस्थानासमोर ठाण मांडले. शेकडो पोलिसांना अटक झाली, अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. दिल्ली पोलिसांच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी न्यायमूर्ती खोसला यांचा आयोगही नेमला गेला होता. आधी आंदोलन आणि मग अटक, हा क्रम ध्यानात ठेवा. तो पुन्हापुन्हा येणार आहे. दिल्लीच्या त्या संघाची मान्यता पुढे काढून घेण्यात आली. संघ सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९८६ साली न्यायालयाने निकाल दिला की १९६६ चा कायदा घटनेला धरून आहे आणि पोलिसांच्या संघटनेच्या हक्काला कायद्याने घातलेल्या मर्यादा त्यांना मानल्याच पाहिजेत. कायद्याचा प्रश्न तिथे संपला. शहाणपणाचा प्रश्न मात्र शिल्लकच राहिला.

दरम्यान, १९७३ च्या मे महिन्यात उत्तर प्रदेशातील सशस्त्र पोलिस दलाने बंड केले. सैन्याला त्यांच्यावर बंदुका रोखाव्या लागल्या, माणसे मेली आणि मुख्यमंत्री कमलापती त्रिपाठी यांना पायउतार व्हावे लागले. १९७९ साली पंजाबात ठिणगी पडली आणि पाहतापाहता ती अनेक राज्यांत पसरली. जूनमध्ये बोकारोच्या पोलाद कारखान्यातील औद्योगिक सुरक्षा दलाच्या जवानांची सैन्याशी चकमक होऊन कित्येक जण प्राणाला मुकले. तिथल्या ज्या जवानांना चौकशीवाचून बडतर्फ केले होते, त्यांचे प्रकरण तुलसीराम पटेल खटल्याबरोबर सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८५ साली न्यायालयाने सरकारची कारवाई उचलून धरली. अशा प्रसंगी घटनेच्या ३११ व्या कलमातील अपवादाचा आधार घेऊन सरकार चौकशी टाळू शकते, हे त्यातून पक्के झाले. वीस वर्षांची नोकरी एका कागदाने संपू शकते, ही जाणीव त्या दिवसापासून प्रत्येक वर्दीवाल्याच्या मनात घर करून बसली.

१९७७ साली जनता सरकारने धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय पोलिस आयोग नेमला होता. आयोगाने आपला पहिला अहवाल १९७९ च्या फेब्रुवारीत दिला. हा अहवाल पोलिस महासंचालकांपासून सुरू झाला नाही, शिपायापासून सुरू झाला, हे त्याचे मोठेपण. शिपाई दररोज १० ते १६ तास, आठवड्याचे सातही दिवस राबतो. त्याला साहेबाच्या घरी ऑर्डर्ली म्हणून भाजी आणायला आणि मुले शाळेत पोचवायला लावतात. बहुसंख्य शिपाई शिपाई म्हणून भरती होतात आणि शिपाई म्हणूनच निवृत्त होतात, हे सारे सरकारी कागदावर उतरले. ऑर्डर्ली पद्धत बंद करा, शिपायाला कुशल कामगाराच्या बरोबरीचे वेतन द्या, गाऱ्हाणी ऐकण्यासाठी कर्मचाऱ्यांच्या समित्या नेमा, असे आयोगाने सांगितले. पंजाबातली ठिणगी त्यानंतर तीनच महिन्यांनी पडली. इलाज कागदावर तयार होता आणि रोगी तापाने फणफणत होता; मधली वाट चालायची तेवढी राहिली.

आता मुंबई. महाराष्ट्रातही पोलिस कर्मचाऱ्यांची संघटना उभी राहिली आणि तिला काही काळ सरकारची मान्यता होती. अशी संघटना काय करते याविषयी आपल्या मनात भलतीच चित्रे असतात. वास्तविक तिचे नित्याचे काम अगदी रूक्ष असते. अमक्याचा रजेचा अर्ज तीन महिने पडून आहे, तमक्याला निवासस्थान मिळालेले नाही, एका विधवेच्या निवृत्तिवेतनाची फाइल हलत नाही, कोणाची ऐन परीक्षेच्या दिवसांत बदली झाली आणि मुलांची शाळा तुटली, कोणावर विभागीय चौकशी चालू आहे आणि त्याला चार ओळी नीट लिहिता येत नाहीत. असली शंभर प्रकरणे घेऊन कचेरीचे उंबरठे झिजवणे म्हणजे संघटनेचे काम. यात घोषणा नसतात, म्हणून ते वर्तमानपत्रात येत नाही. आणि एकटा शिपाई जे साहेबासमोर टाचा जुळवून बोलू शकत नाही, ते सर्वांच्या वतीने बोलता येते, एवढीच संघटनेची ताकद.

१९८२ साली मुंबईचे वातावरण आधीच तापलेले होते. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणीकामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. त्यांच्या मोर्च्यांना बंदोबस्त कोणाचा? त्यांच्याच भाऊबंदांचा. कोकणातून किंवा घाटावरून आलेला एक भाऊ गिरणीत लागला आणि दुसरा पोलिसात, अशी घरे त्या शहरात थोडी नव्हती. महिनोन्महिने चाललेल्या या बंदोबस्ताचा ताण, त्यात जुनीच गाऱ्हाणी. १५ ऑगस्ट १९८२ रोजी, स्वातंत्र्यदिनी, पोलिसांनी काळ्या फिती लावल्या. तेव्हा बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री होते आणि ज्युलिओ रिबेरो मुंबईचे पोलिस आयुक्त. सरकारने संघटनेची मान्यता काढून घेतली, आणि १८ ऑगस्टला पहाटे तिच्या पुढाऱ्यांना अटक झाली.

त्या दिवशी मुंबईने कधी न पाहिलेले दृश्य पाहिले. पोलिस रस्त्यावर आले, गाड्या अडवल्या गेल्या, संपावरचे गिरणीकामगार त्यांत मिसळले, दुकाने फुटली. संचारबंदी लागली. सैन्य आणि निमलष्करी दले शहरात उतरली आणि पोलिसांच्या हातांतली हत्यारे त्यांच्याच वसाहतींतून काढून घेण्यात आली. जीवितहानी झाली. पुढे अनेकांना बडतर्फ करण्यात आले, आणि महाराष्ट्रातल्या पोलिस संघटनेचा अध्याय तिथेच मिटला.

या दिवसाचा न्याय करताना एकतर्फी होऊन चालणार नाही. ज्याच्या हाती नागरिकांनी शस्त्र आणि अधिकार सोपवला, त्याच्या डोळ्यांदेखत दुकान फुटते आणि तो थांबवीत नाही, तर कसलाही अन्याय त्याचे समर्थन करू शकत नाही. संघटनेच्या शत्रूंना जे वर्षानुवर्षे जमले नसते, ते त्या एका दिवसाने साधले. पोलिसांची संघटना म्हणजे दंगल, हे समीकरण लोकांच्या डोक्यात पक्के बसले. हे जितके खरे, तितकेच दुसरेही खरे की पुढाऱ्यांना अटक केल्यावर चर्चा करायला कोणी उरत नाही. काळी फीत ही भाषा होती. ती अप्रिय असेल, अवेळी असेल, तरी ती भाषाच होती. बोलणारे तुरुंगात गेले आणि उरला तो जमाव. संघटनेला आपण भितो ते जमावाच्या भयाने. पण संघटना आणि जमाव यांत फरक असा की संघटनेला तोंड असते, जमावाला ते नसते.

आता सुरुवातीच्या आक्षेपाकडे येतो. पोलिसांना संपाचा हक्क असावा काय? माझ्या मते नसावा. रुग्णालयाचा, अग्निशमनाचा, पोलिसांचा खोळंबा गरिबाला सर्वांत आधी भोवतो. श्रीमंत आपला पहारेकरी नेमू शकतो. शिवाय ज्याच्या खांद्यावर बंदूक आहे त्याची मागणी आणि धमकी यांत अंतर फार थोडे राहते. परंतु समाज जेव्हा एखाद्याला सांगतो की तू संप करायचा नाहीस, तेव्हा त्याच श्वासात त्याने असेही सांगितले पाहिजे की संपाची पाळी तुझ्यावर आम्ही येऊ देणार नाही. एक हक्क काढून घेतला तर त्याची भरपाई दुसऱ्या मार्गाने करणे, हा सौदा आहे. इंग्लंडने १९१९ साली तो केला. आपण त्याचा निम्माच भाग उचलला. बंदी घेतली, फेडरेशन घेतले नाही.

पोलिस खात्यात गाऱ्हाणी ऐकण्याची सोय मुळीच नाही असे नाही. साहेबांचा दरबार भरतो, शिपाई उभा राहून आपली अडचण सांगू शकतो. चांगला अधिकारी असेल तर तिथल्या तिथे न्यायही मिळतो. पण ज्याची तक्रार त्याच साहेबाविषयी असेल त्याने दरबारात काय बोलायचे? देणाऱ्याच्या मर्जीवर असलेली सोय आणि मागणाऱ्याचा हक्क या दोन गोष्टी वेगळ्या. आणि मान्यता दिली की आकाश कोसळते असेही नाही. केरळात पोलिसांच्या संघटना मान्यतेने चालतात, त्यांच्या निवडणुका होतात, अधिवेशने भरतात. म्हणून तिथले पोलिस ठाणे बंद पडलेले नाही.

संघटना मोडली तरी मागण्या मरत नाहीत, हेही इतिहास सांगतो. २००६ साली प्रकाश सिंह यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की बदल्या-बढत्यांचे निर्णय पोलिस आस्थापना मंडळाने घ्यावेत. बदली हे कोणाच्या लहरीचे हत्यार असू नये, हे शिपायाचे जुनेच म्हणणे न्यायालयाच्या तोंडून बाहेर पडले. २०१६ साली मुंबईच्या देवनार पोलिस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला. तेव्हा दत्ता पडसलगीकर आयुक्त होते. ही योजना कोणा सचिवाच्या टेबलावर जन्मलेली नव्हती. एका साध्या पोलिस शिपायाने ती आखून वरिष्ठांना दिली होती. वरिष्ठांनी ती वाचली, हे त्यांचे मोठेपण. २०२१ साली महिला पोलिसांना आठ तासांची ड्यूटी देण्याचे पाऊल राज्यात टाकले गेले. लोखंड्यांच्या रविवारनंतर सव्वाशे वर्षांनी आपण शिपायाच्या घड्याळाकडे पाहू लागलो. एका शिपायाला कागद पेन घेऊन जे सुचले, ते विचारण्याची व्यवस्था आपण ठेवली असती तर इतका काळ का लागावा?

आणि व्यवस्था नसली की काय होते तेही २०१९ साली दिल्लीने पुन्हा दाखवले. तीस हजारी न्यायालयात वकील आणि पोलिस यांची मारामारी झाली, आणि ५ नोव्हेंबरला हजारो पोलिस आपल्याच मुख्यालयासमोर दिवसभर उभे राहिले. त्यांच्या बायकामुलांनी इंडिया गेटजवळ निदर्शने केली. त्यांच्या वतीने बोलणारी मान्यताप्राप्त संघटना नव्हती. साहेब येऊन समजावीत होते आणि समोरून घोषणा येत होत्या. १९६७ ला बावन्न वर्षे लोटली होती, शहर तेच होते आणि अडचणही तीच.

शेवटी हा प्रश्न पोलिसांचा आहे, आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. आपली सायकल चोरीला जाते, शेजाऱ्याशी हद्दीचा तंटा होतो, घरातली लेक रात्री वेळेवर परतत नाही, तेव्हा आपण ज्या टेबलापुढे जाऊन उभे राहतो, त्या टेबलामागे हाच माणूस बसलेला असतो. तो चौदा तास जागा असेल, घरी आजारी मूल टाकून आला असेल आणि त्याचे ऐकणारे जगात कोणी नसेल, तर तो आपले ऐकेल कसे? ज्याच्या वाट्याला वरून केवळ हुकूम येतो, त्याच्याकडून खालीही हुकूमच येतो. पोलिसाने नागरिकाशी माणसासारखे वागावे, असे आपण व्यासपीठावरून नेहमी सांगतो. त्यासाठी त्याच्या खात्याने त्याच्याशी माणसासारखे वागावे, हेही आपणच सांगितले पाहिजे, कारण तसे सांगण्याची मुभा कायद्याने त्याला दिलेली नाही, आपल्याला दिली आहे. मतदार म्हणून, करदाता म्हणून आपण आपल्या आमदार-खासदारांना विचारू शकतो की पोलिसांच्या वतीने बोलणारे, संप न करणारे पण हक्काने बोलणारे मंडळ महाराष्ट्रात का नसावे. १९६६ चा कायदा झाला तेव्हा गृहमंत्री नाशिकचे खासदार होते. त्या कायद्याचा राहिलेला अर्धा भाग पुरा करण्याची मागणी नाशिकमधून निघाली, तर ते त्या वारशाला धरूनच होईल.